पाव फेरी

“बाई, तुम्ही खोटं बोलताय,” डॉक्टर म्हणाले, आणि समोर बसलेल्या शिक्षिकाबाईंनी मान खाली घातली.

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा एक्स-रे उजेडावर धरला. तिसऱ्यांदाही तो तसाच होता. अपघातात बाईंच्या नडगीचं चार बोटं हाड गेलं होतं. ते परत वाढवायची युक्ती आता निघाली आहे. वरचं चांगलं हाड मुद्दाम कापायचं, कापलेला तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवायचा, की मागे पडलेल्या फटीत शरीर आपणहून नवं हाड भरतं. त्यासाठी पायाभोवती धातूची कडी, कड्यांना जोडणाऱ्या आट्यांच्या सळ्या आणि सळ्यांवर नट. पेशंटने घरी पाना घ्यायचा आणि दिवसातून चार वेळा नट पाव फेरी फिरवायचा. बस्स, एवढंच काम. घाई केली तर हाड धरत नाही, हे डॉक्टरांनी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं. आणि बाईंच्या पायात तीस दिवसांत तीसच्या जागी पंचेचाळीस मिलिमीटर फट पडली होती. त्या फटीत नवं हाड नावालाही नव्हतं.

लवकर बरं व्हायची घाई सगळ्यांनाच असते, डॉक्टर म्हणाले, पण म्हणून डॉक्टरलाच फसवायचं? बाई चाचरत म्हणाल्या की त्या गजर लावून चारच वेळा नट फिरवत होत्या, पाचव्यांदा पान्याला हातसुद्धा लावला नाही. डॉक्टरांनी कोपरापासून हात जोडले. उद्या सकाळी ऑपरेशन. कमरेचं हाड काढून फटीत भरायचं, आणि तेही धरलं नाही तर पाय राहील याचा भरवसा नाही. बाई कुबड्या टेकत बाहेर गेल्या आणि रडू दिसू नये म्हणून बाकावर भिंतीकडे तोंड करून बसल्या.

पुढचं कोण, असं डॉक्टरांनी विचारलं. सिस्टर नुसतं “मिलिमीटर” म्हणाली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

मिलिमीटर म्हणजे लेथमास्तर. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलेला माणूस. बाईंच्याच आठवड्यात त्यांचंही ऑपरेशन झालं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. पहिल्या दहा दिवसांत नऊ फोन. सळ्या कुठून आणल्या, आटे कुणी तपासले, पाव फेरी म्हणजे नक्की किती सरकायला हवं. नवव्या फोनला डॉक्टरांचा तोल गेला. “तुम्ही लेथ सांभाळा, हाड मी सांभाळतो. डोकं चालवू नका, सांगितलं तेवढं करा,” असं म्हणून त्यांनी फोन आपटला होता. त्यानंतर फोन आला नाही. चला, एकदाचा डोक्यात प्रकाश पडला, असं डॉक्टरांना वाटलं होतं.

लेथमास्तर आत आले ते बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. खुर्चीत टेकायच्या आधीच बायकोने तोंड उघडलं.

“डॉक्टर, आता तुम्हीच सांगा यांना. माझं तर डोकं पिकलं. तुम्ही पाव फेरी सांगितली, हे त्याहून कमी देतात. पहिल्या दिवसापासून.”

झालं. डॉक्टरांचा सकाळपासून दाबलेला वैताग बाहेर पडला. एक जास्त फिरवतो, एक कमी फिरवतो, मग मी इथे काय पाट्या टाकायला बसलोय? एवढं शिकून, एवढं मरमर करून पेशंटला साधा एक नट फिरवता येऊ नये? बोलता बोलता त्यांनी लेथमास्तरांचा एक्स-रे लावला, आणि वाक्य अर्धंच राहिलं.

फट बरोबर तीस मिलिमीटर होती. डॉक्टरांनी पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली. तीसच. आणि ती फट पिंजलेल्या कापसासारख्या पांढऱ्या, कोवळ्या हाडाने भरत आली होती. इतकं चांगलं हाड त्यांनी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

लेथमास्तरांनी खिशातून आटे मोजायची दातेरी पट्टी काढली आणि आपल्याच पायातल्या सळीवर टेकवली. दाते आट्यांत चपखल बसले. न मोजलेल्या आट्यावर आपण जन्मात कधी नट फिरवला नाही, ते म्हणाले, तो मशीनचा असो नाहीतर पायाचा. पूर्ण फेरीला एक मिलिमीटर सरकायला हवं. या सळीवर दीड सरकतं, ही पट्टी दीडच्या आट्यांचीच आहे. तेव्हा पाव फेरी दिली असती तर रोजचा दीड मिलिमीटर झाला असता. नटाला सहा बाजू असतात, म्हणून ते दर वेळी एकच बाजू फिरवत होते. म्हणजे दीडचा सहावा भाग, बरोबर पाव मिलिमीटर.

“हेच सांगायला फोन करत होतो,” ते म्हणाले.

डॉक्टरांना आठवलं. त्या महिन्यात जुन्या सळ्या संपल्या होत्या आणि नवी खेप आली होती. खोक्यावरचं लेबल कुणी वाचलं होतं? निदान त्यांनी तरी नाही.

“माझं जाऊ द्या,” लेथमास्तर म्हणाले. “या सळ्या आणखी कुणाच्या पायात बसवल्यात का?”

डॉक्टरांनी ती पट्टी त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. उद्याचं ऑपरेशन थांबवा, असं सिस्टरला सांगितलं. नट उलटे फिरवून फट आवळता आली, तर अजून हाड धरण्याची आशा होती. ते बाहेर आले, बाकासमोर गुडघे टेकून जमिनीवर बसले आणि बाईंच्या पायातल्या सळीवर पट्टी टेकवली. दाते चपखल बसले.

त्यांना वर बघवेना. बाईंना वाटलं, पुन्हा बोलणी बसणार. त्यांनी घाईघाईने डोळे पुसले.

“खरंच सांगते, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगितलंत तेवढंच केलं.”