कुसाबाईंचा कोल्हा

शेखर सर पार वैतागले होते हो! देवळ्याकडच्या खेड्यातली शाळा, मैदानात पोरांचा नुसता कलकलाट, पण तिसरीच्या वर्गात आली की एकही तोंड उघडेना. ट्रेनिंगमध्ये सांगितलं, पोरांना त्यांच्या घरच्या बोलीतल्या गोष्टी ऐकवा. मग सर मोबाईल घेऊन गेले शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कुसाबाईंकडे.

"मास्तर, मनी अहिराणी शाळामा चालस का?"

"चालते हो मावशी! आता वरूनच सांगितलंय."

कधी कुकरची शिट्टी, कधी मध्येच ओरडणारी बकरी, पुन्हा पुन्हा करता करता सरांचा जीव मेटाकुटीला आला. पण झाली एकदाची कोल्ह्याची गोष्ट रेकॉर्ड.

सकाळी वर्गात लावली, तर कोल्हा खड्ड्यात पडल्यावर पोरं अशी खिदळली म्हणता! सरांचा सगळा शीण गेला. गोष्ट संपल्यावर त्यांनी हौसेने विचारलं, "सांगा बरं, कोल्हा का पडला?"

सगळी एकदम गप्प. सरांच्या मागच्या फळ्याकडे बघत बसली.



सरांनीच लावलेल्या शिस्तीप्रमाणे मॉनिटर भाग्यश्रीने फळ्यावर 'आज वर्गात अहिराणी कोण बोललं' असं लिहून खाली नाव टाकलं होतं: कुसाबाई.