दोघांचा एजंट

नवऱ्यानं पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

एजंटानं ते पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं. गिऱ्हाईक आज संध्याकाळपर्यंतच थांबणार होतं. सौदा फिसकटला की घराची वाटणी अडणार, वाटणी अडली की घटस्फोट लटकणार. मग पुन्हा वकिलांकडे खेटे.

मोडत्या संसाराचं घर विकणं म्हणजे तारेवरची कसरत. बायको बहिणीकडे, नवरा इथं, दोघांत बोलणं बंद. एकाला सांगितलं ते दुसऱ्यालाही सांगायचं, बाजू कुणाचीच घ्यायची नाही. धंद्यातले लोक गमतीनं म्हणतात, दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. एजंटाला आज गंमत सुचत नव्हती.

खोलीत अंधारून आलं. एजंटानं उठून पडद्यामागचं बटण दाबलं आणि परत येऊन बसला.

तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा.

"ताई, साहेब समोरच आहेत. स्पीकर लावलाय," तो घाईघाईनं म्हणाला.

पलीकडून कोरडा आवाज आला.

"झाली का सही?"

"विचार करतायत."

"बरं. लवकर होऊ दे, एवढंच." फोन बंद झाला.

"तिची झाली?" नवऱ्यानं विचारलं.

"कालच. तुम्हाला किंमत कमी वाटते का?"

"छे हो. संसार मांडला होता इथं. जीव अडकतो."

एजंटाला खरंच वाईट वाटलं. पण घड्याळाकडे नजर गेलीच. "साहेब, मी दोघांचंही भलंच बघतोय."

"माहीत आहे. ती दुसरा एजंट बघा म्हणत होती. मीच हट्टानं तुम्हाला बोलावलं."

"विश्वास टाकलात, आभार."

"विश्वास कसला! घाई असलेला माणूस काम रखडवत नाही."

नवऱ्यानं एका दमात सही केली. एजंटाचा जीव भांड्यात पडला. कागद पिशवीत कोंबून तो दाराकडे निघालासुद्धा.

"थांबा," नवरा मागून म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आता तुम्ही दोघं घर बघाल, तेव्हा पूर्वेला गॅलरी असलेलं बघा. सकाळचं कोवळं ऊन मिळालं नाही, तर तिचा दिवस जात नाही. तुम्हाला ते ठाऊक नसणार. तुम्ही दुपारचे यायचात."