वरची कडी

दार बाहेरून बंद होतं. खेळाच्या सरांनी एकदा ओढलं, दोनदा ओढलं, मग खांदा लावून पाहिला. दार ढिम्म हललं नाही.

इतका वेळ सर सामानाच्या खोलीत, मागच्या कोपऱ्यात डोकं खुपसून रिंगा शोधत होते. मधूनमधून बाहेर हॉलमध्ये धप्प व्हायचं, तीनदा झालं, कोणीतरी खुदकन हसलंही. त्यांनी लक्ष दिलं नाही. दुसरी-तिसरीची बारा पोरं एका जागी म्हटल्यावर आवाज व्हायचाच. शिवाय आज त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शाळा सुटल्यानंतरचा त्यांचा ‘अंग हलवा, डोकं चालवा’ तास बघायला मुख्याध्यापिकाबाई येणार होत्या. “नुसत्या उड्या दिसल्या, तर सोमवारपासून इथे गणिताचा जादा तास,” असं त्यांनी कालच व्हरांड्यात बजावलं होतं, पोरं बाजूला बुटांच्या नाड्या बांधत असताना. सहा वर्षं जीव लावून चालवलेला तास. आज सरांच्या घशाखाली डबाही उतरला नव्हता.

आणि ऐन वेळी हे. उद्योग शिपाईकाकांचा, यात शंकाच नव्हती. उघडं दार दिसलं की काकांचे हात शिवशिवायचे, मग आत माणूस असो की मांजर. कडी पार दाराच्या वरच्या टोकाला होती. पोरांचा हात पोचू नये म्हणून सरांनीच सुताराच्या मागे लागून ती तिथे बसवून घेतली होती. आता भोगा.

“अरे, कडी काढा कोणीतरी!”

तेवढ्यात बाईंच्या चपला वाजल्या. सरांनी फटीला डोळा लावला. बाईंचा हात कडीकडे जातच होता, तोच तिसरीतली एक मुलगी आडवी आली. तिला सगळे वकीलबाई म्हणत.

“हात नका लावू, बाई. सरांना सोडवायचं, हाच आजचा खेळ आहे. मोठ्यांनी मदत केली की आम्ही बाद.”

बाईंनी हात मागे घेतला. ‘अहो, मी खरंच अडकलोय’ हे सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पोरांनी बॅटने कडी ढोसली. उड्या मारून पाहिल्या. बाईंना राहवेना. “अरे, आधी उचला, मग सरकवा.”

“सांगायचंही नाही, बाई,” वकीलबाईंनी दम दिला. बाई चक्क “बरं, बरं” म्हणाल्या.

शेवटी गाद्या पसरून तिघं ओणवे झाले. सगळे ज्याला पैलवान म्हणत, तो मधोमध. त्यांच्या पाठीवर दोघं, आणि सगळ्यांत वर दुसरीतली पिटुकली. उरलेल्यांनी दोन्हीकडून आधार दिला. कोणी रडलं नाही, कोणी ढकललं नाही. मानेवर पाय नको, कंबरेवर नको, हे सरांनी घोकून घेतलेलं सगळं पोरं मुकाट्याने पाळत होती. सरांचा ऊर भरून आला. आपण कोंडले गेलोय हेही ते विसरले.

कडी खटकन सरकली. बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग एकदम भानावर येऊन चष्मा सारखा केला.

“गणिताचा तास दुसरीकडे बसवू,” त्या म्हणाल्या. “हा चालू द्या. आणि सर, अडकल्याचं सोंग मात्र हुबेहूब वठवलंत.”

“हो, म्हणजे, आपलं जमेल तसं,” घाम पुसत सर म्हणाले.

बाई गेल्या आणि फाटकातून शिपाईकाका थेट हॉलमध्ये आले.

“काका, कडी लावण्याआधी आत एकदा बघत जा हो.”

“मी?” काका थबकले. “मला बाईंनी दुपारीच टपाल द्यायला पाठवलं होतं. हा आत्ता येतोय.”

सरांनी वर कडीकडे पाहिलं. मग पोरांकडे. पैलवानाचं कोपर खरचटलेलं होतं. आत्ता तर कोणीच पडलं नव्हतं.

अकरा पोरं छताकडे बघू लागली. पिटुकलीला मात्र गप्प राहणं कधी जमलंच नव्हतं.

“काढायला सोपी आहे, सर,” ती म्हणाली. “लावताना तीनदा पडलो.”