निळ्या पानावरची सही

दवाखान्याच्या वेबसाइटवरच्या ऑपरेशनच्या संमतीच्या पानाला डॉ. मानकरांना नवा निळा रंग हवा होता. तो नुसता पाहिला की माणसाच्या मनात विश्वास पाझरायचा. अमरावतीतले निम्मे दवाखाने आपल्या वेबसाइटवर तो लावून माजले होते.

रेवती गायधने वेबसाइटचे रंग ठरवायची. कुठलाही रंग ती आधी दिवसभर स्वतःच्या डोळ्यांवर चालवून बघायची, मगच गिऱ्हाइकाला द्यायची. या धंद्यातले बाकीचे तिला हसायचे. त्यांच्यातल्या एकानेही ही तसदी कधी घेतली नव्हती.

संध्याकाळी ती मानकरांसमोर येऊन बसली.

"डॉक्टर, दुपारी त्या निळ्या पानावर मी तुमच्याकडे गुडघा बदलून घ्यायला सही केली."

"अरे वा. कधीपासून दुखतोय?"

"दुखतच नाही. सकाळी मालटेकडी चढून आले."

मानकर खूश झाले. "म्हणजे रंग चालतोय की."

"चालतोय. म्हणून तर देणार नाही." तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पांढरं पान आणि त्यावर काळी अक्षरं, बस.

"हे काय, तेरवीचं पत्र?"

"संमतीचं पान."

"मॅडम, मग हे काम आम्ही दुसऱ्याला देऊ."

"द्या."

मानकरांनी पान वर सरकवलं. ऑपरेशनचे सगळे धोके शब्दन् शब्द डोळ्यांत भरत होते. "असं ठेवलं तर लोक हे वाचत बसतील हो."

"मी वाचलं," रेवती म्हणाली, "आणि सही रद्द केली."