न तापणारा लॅपटॉप

वृंदाने धाकट्या जावेच्या, केतकीच्या लॅपटॉपवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. चांगलाच तापला होता. त्यावर ठेवलेल्या भांड्यात केतकीचं दही कवडीसारखं लागलं होतं. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला वृंदाचा लॅपटॉप गार होता, आणि त्याच्यावरच्या भांड्यातलं दूध विरजण घालूनही दूधच राहिलं होतं.

“माझा बिघडलाय,” वृंदा म्हणाली.

“बिघडला नाही हो, वहिनी. आपण पुढे काय करणार, काय विचारणार, हे त्याला आधीच ठाऊक असलं की त्याला डोकं चालवावं लागत नाही. मग तापणार कशाला? माझ्यापुढे मेल्याचा रोज घाम निघतो.” केतकी हसत हसत आंघोळीला गेली.

वृंदाला ते हसणं झोंबलं. वृंदाचं सगळं कसं ठरल्यासारखं असतं, असं सासरी सगळे म्हणायचे. आजवर तिला ते कौतुकच वाटलं होतं.

बाथरूमची कडी लागल्याचा आवाज आला. वृंदाने जन्मात केलं नव्हतं ते केलं. दोन्ही भांडी एकाच आहेरातली होती. तिने ती गुपचूप बदलली.

“दही फ्रिजमध्ये ठेवा, वृंदाताई,” तिचा लॅपटॉप हळूच म्हणाला. “केतकीताईंनी त्यांच्यापुरतं वेगळं काढून ठेवलंय. आज तुम्ही भांडी बदलाल, हे मी त्यांना कालच सांगितलं होतं.”

वृंदाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तो गारच होता.