निरोपाचा फोटो

"हात मांडीवर, नजर समोर, आणि श्वास मी सांगेन तेव्हाच!" उपमुख्याध्यापक गरजले, तसा शाळेतला शेवटचा वर्ग मैदानावर जागच्या जागी पुतळा झाला.

हा वर्ग म्हणजे शाळेचे रत्नभांडारच. मागच्या रांगेत 'उंट' उभा होता. त्याची उंची दर वर्षी वाढत गेली आणि गुण त्याच प्रमाणात उतरत गेले. त्याच्या शेजारी 'डुलकी'. हिला उभ्याउभ्या झोपण्याची विद्या अवगत होती. मधल्या रांगेत 'आकाशवाणी'. तिच्या कानी पडलेले गुपित मधल्या सुट्टीपर्यंत शिपायांनाही पाठ होई. आणि सर्वांत पुढे 'वकील'. त्याने स्वतः कधी गृहपाठ केला नाही. पण इतरांनी का केला नाही, हे तो असे पटवून देई की शेवटी शिक्षकच दिलगिरी व्यक्त करीत. या मंडळींनी शिक्षकांच्या नाकी नऊ आणले होते. आज मात्र कोणाची पापणीही लवत नव्हती.

यामागे उपमुख्याध्यापकांची तपश्चर्या होती. 'उप' ही दोन अक्षरे त्यांना अशी चिकटली होती की सासूबाईदेखील दर भेटीत विचारीत, "जावईबापू, अजून उपच का?" याला कारण एकच: मुख्याध्यापिका. त्यांना सारे मोठ्या बाई म्हणत. शाळा त्यांच्या सासऱ्यांनी काढलेली, त्यामुळे निवृत्तीचे वय त्यांना लागू नव्हते. लागू होता तो फक्त त्यांचा स्वतःचा शब्द. भर सभेत त्या एकदा म्हणाल्या होत्या, "निरोपाचा एक तरी फोटो न बिघडता येऊ दे. त्या दिवशी मी खुर्ची सोडते." आणि बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

अडचण एवढीच, की फोटो एकदाच काढायचा, हाही बाईंचाच नियम. "आयुष्य कोणाला 'पुन्हा एकदा' म्हणत नाही," असे त्या बजावीत. परिणामी सभागृहाच्या भिंतीवर दर वर्षीचा अपराध चौकटीत बसून लटकत होता. कुठे कोणी शिंकले होते. कुठे कोणाच्या डोक्यामागे दोन बोटांची शिंगे उगवली होती. एका फोटोत तर मागचा बाकच कोसळत होता आणि पुढची रांग टाळ्या वाजवीत होती.

यंदा सरांनी कंबर कसली. गणिताच्या तासाला स्तब्ध उभे राहण्याचा सराव, इतिहासाच्या तासालाही तोच. तरी वर्ग ऐकेना, तेव्हा त्यांनी वकिलाशी तह केला.

"सर, स्पष्ट विचारू? आम्ही नाही हललो, तर आम्हाला काय?"

"प्रत्येकाच्या दाखल्यावर 'वर्तणूक उत्तम'."

"डुलकीच्यासुद्धा?"

"ती बिचारी झोपेत कोणाचं काय बिघडवते?"

"आणि उंटाच्या? प्रयोगशाळेचं दार त्यानं..."

"मी काही पाहिलेलं नाही."

"मग आम्हीही हलणार नाही," वकिलाने निकाल दिला. अशा रीतीने क्षणभराच्या सभ्यतेला जन्मभराचे प्रमाणपत्र ठरले. थोरामोठ्यांचे व्यवहार तरी याहून वेगळे कुठे असतात?

मोठ्या बाई आल्या. पांढरे केस, ताठ कणा. वर्गासमोरून त्या सावकाश चालत गेल्या. उंटाची कॉलर सारखी करायला त्यांनी हात वर केला. कॉलर सारखीच होती. "जागी हो गं," म्हणायला त्यांनी तोंड उघडले. डुलकी टक्क जागी होती. आकाशवाणीच्या तोंडून चकार शब्द नव्हता. बाईंचा हात क्षणभर तसाच हवेत राहिला.

"आज कोणाला काही सांगायचं उरलंच नाही की हो, सर."

"सगळी आपलीच शिस्त, बाई," सर लवून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर नवरदेवाचे तेज चढले होते.

बाई मधल्या खुर्चीत बसल्या. सर शेजारच्या खुर्चीत बसले. उद्याची सवय व्हावी म्हणून किंचित मध्याकडे सरकून.

"बाई, तुम्ही मान हलवलीत की मी बटण दाबतो," छायाचित्रकार म्हणाला.

सर्वांच्या नजरा समोर खिळल्या. सरांनी श्वास रोखला. बाईंची मान हलल्याचे त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून जाणवले. त्याच क्षणी कॅमेऱ्यामागे छायाचित्रकाराच्या भुवया कपाळावर चढल्या. भारावला बिचारा, असे सरांनी मनाशी म्हटले. खट् असा आवाज झाला.

वर्गाने सुस्कारा सोडला. सर या वयात शोभणार नाही अशा वेगाने कॅमेऱ्याकडे धावले.

"दाखव, दाखव पाहू!"

"सर, तुम्ही आधी बसून घ्या," छायाचित्रकार हळूच म्हणाला.

पडद्यावर वर्ग होता. उंट सरळ, डुलकी जागी, आकाशवाणीचे ओठ मिटलेले, वकिलाचे दोन्ही हात मांडीवर. एक बोट इकडचे तिकडे नव्हते. सरांचे डोळे पाणावले. मग त्यांची नजर मधल्या खुर्चीवर गेली. तिथे मोठ्या बाईंनी दोन्ही बुबुळे नाकाच्या शेंड्याशी आणली होती आणि जीभ थेट हनुवटीपर्यंत बाहेर काढली होती.

सरांच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या वर्गाने आधी एकमेकांकडे पाहिले, आणि मग मैदान हास्याने दणाणून गेले. बाई मात्र गंभीर होत्या. त्यांनी उठून चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि फोटो नीट निरखून पाहिला.

"प्रत्येक वर्गात एक तरी वांड निघतंच, सर," त्या म्हणाल्या. "त्याला वळण लागेपर्यंत मला खुर्ची सोडता यायची नाही."