नऊ नंबरचं ढेकूळ

खाणीसाठी ठरलेल्या जागेवरून मातीच्या पिशव्या आल्या. त्यांवर गावाचं नाव नव्हतं, नुसते आकडे. तपासनीस बाई प्रत्येक ढेकूळ खलात फोडायच्या, ओली माती बोटांत वळून पाहायच्या. बाईंच्या एका हाताला सहा बोटं, म्हणून अंदाजही बोटभर पुढे, अशी थट्टा चाले. "सगळा मुरूमच, पडीक लिहा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले. नवव्या पिशवीतलं ढेकूळ मात्र चिकणमातीचं निघालं, आत भुसा मळलेला. अशी माती जमिनीत नसते, भिंतीत असते. मागच्या सपाट बाजूवर लिंपणाऱ्या हाताचे फराटे होते आणि कोपऱ्यात इवल्याशा हाताचा ठसा. बाईंनी बोटं मोजली. सहा. बाईंच्या डोळ्यांसमोरून टेबल, दिवे, भिंती हळूहळू विरघळल्या. घराची ओली भिंत लिंपता लिंपता आई म्हणाली, "लुडबुडतेस ना, मग उमटव तुझाही हात!" "नऊ नंबरला काय निघालं?" साहेबांनी विचारलं. खल बाजूला सारत बाई म्हणाल्या, "मी."